पडद्यामागची मोरी

भिजलेली वस्तू घेऊन दुकानात येणारा माणूस खोटं बोलतो. सत्तावीस वर्षं दुरुस्तीच्या टेबलामागे बसून मी हे सांगतोय, तेव्हा अपवाद शोधायच्या भानगडीत पडू नका. मला उभ्या आयुष्यात एकच पुरा अपवाद भेटला. एक म्हातारा माझ्या काउंटरसमोर उभा राहून अक्षर न् अक्षर खरं बोलला, आणि त्या खरं बोलण्यावर त्याच्या बायकोचा श्वास अडकलेला होता. त्याचं मी काय केलं, ते सांगायला हे लिहितोय. पण आधी बाकीच्यांची हजेरी घेतो, कारण त्यांच्यामुळेच मी असा झालो असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं.

मोबाइल पडलेला असतो कमोडमध्ये. गृहस्थ सांगतात, "हात धुताना जरासं पाणी उडालं." लॅपटॉपवर अख्खा चहा उपडा झालेला असतो, उघडल्या उघडल्या आल्याचा वास येतो, आणि बाई म्हणतात, "पाणी लागलंच नाही हो, आपोआप बंद पडला." मी विचारतो, चालू करून बघितलात का? उत्तर ठरलेलं. "छे छे! फक्त एकदाच."

या 'फक्त एकदाच'ने जितक्या वस्तू मेल्या, तितक्या पाण्याने मेल्या नसतील. पाणी बिचारं काही करत नाही. पाण्यातलं मीठ, चिखल, साखर हे सगळं आत बसतं आणि त्यात हे शहाणे वीज सोडतात. बंद ठेवा, बॅटरी काढा, घेऊन या, एवढंच करायचं असतं. पण बोट शिवशिवतं ना! सर्किटमधलं स न कळणारा माणूसही भिजलेल्या वस्तूचं बटण दाबल्याशिवाय राहत नाही. दाबतो, ती ठिणगी मारून मरते, मग तोंड पाडून माझ्याकडे येतो आणि म्हणतो, काहीतरी करा ना, त्यात फोटो आहेत.

आणि तांदूळ! हा तांदळाचा उपाय कोणत्या महाभागाने शोधला कोण जाणे. फोन तांदळात पुरला की तांदूळ पाणी ओढून घेतो म्हणे. पाणी तसंही उडून जाणार असतं, ते कुठे राहायला आलंय? जायचं नसतं ते मीठ. ते आतच सुकतं, पांढरं पडतं, मग हिरवं होतं आणि तांब्याच्या रेघा खात बसतं. वर तांदळाचा भुसा चार्जिंगच्या भोकात. बेव्हर्ली पार्कमधल्या एका साहेबांनी तर लॅपटॉप तांदळाच्या पिंपात तीन दिवस ठेवला होता. तो तांदूळ नंतर फेकला का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "फेकणार कशाला? चांगला बासमती होता." अशा माणसांच्या सह्यांवर कंपन्या चालतात.

भिजलेल्या वस्तूवर खरा इलाज एकच, तो म्हणजे तिला पुन्हा धुणं. सुकायच्या आत, स्वच्छ पाण्याने. मग स्पिरिट, मग पंखा. मुंबईत ज्या उस्तादाकडे मी काम शिकलो, त्याने पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, सुकण्याआधी धू. दोन, उघडल्याशिवाय निकाल देऊ नकोस. तो स्वतः कधी बिघडलेल्या वस्तूला बाहेरून बघून 'गेली' म्हणाला नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आधी स्क्रू, मग तोंड.

मग लग्न झालं, चाळीतली खोली विकून सिल्व्हर पार्कात दोन खोल्या घेतल्या आणि भाईंदर पूर्वेला इंद्रलोकच्या बाजूला एक गाळा मिळाला. पहिल्याच वर्षी एक गृहस्थ टीव्ही घेऊन आले. त्यावर एसीचं पाणी गळलं होतं. मी भोळेपणाने त्यांच्यासमोरच आतला बोर्ड काढला आणि नळाखाली धरला. ते असे काही ओरडले की शेजारचा गाठियावाला धावत आला. "पागल है क्या? पानी से खराब हुआ, और पानी डालता है?" बोर्ड ओढून घेतला आणि ओला हातात धरूनच रस्ता ओलांडून गेले. पुढे वर्षभर ते मला येता-जाता दिसले की सोबतच्या माणसाला बोटाने माझं दुकान दाखवायचे.

त्या रात्री बायकोने जुन्या चादरीचा पडदा शिवला. गाळ्याच्या मागच्या बाजूला मोरी होती, तिच्यापुढे तो लावला. पडद्यामागे दोन टब, मऊ टूथब्रश, बॅटरीत घालतात त्या पाण्याचा कॅन, स्पिरिटची बाटली आणि एक टेबलफॅन. पडद्यापुढे मी, पांढरा कोट घालून. काय करणार विचारलं की सांगायचं, "केमिकल ट्रीटमेंट." पावतीवरही तेच लिहायचं. लोक मान डोलवायचे. नळाखाली बोर्ड बघून जे बेशुद्ध पडले असते, तेच दोन दिवसांनी येऊन म्हणायचे, "तुमच्या हातात जादू आहे हो." मी हसून घ्यायचो आणि मनातल्या मनात त्यांच्या अकलेचे वाभाडे काढायचो. यांना सत्य झेपत नाही, यांना पडदाच पाहिजे. वीस वर्षांत हा तुच्छपणा माझ्या इतका अंगवळणी पडला की मी त्याला अनुभव म्हणायला लागलो.

तर त्या पावसाळ्यात, श्रावणाच्या सुमारास, मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला. अशा वेळी आमच्याकडे पावसाचं पाणी खाडीत जात नाही, खाडीच नाल्यातून उलटी वर येते. तळमजल्यावरच्या घरांत गुडघाभर पाणी शिरलं. साधं पाणी नव्हे, खारं. माझा गाळा चार पायऱ्या वर असल्याने वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर बाहेर रांग.

काय नव्हतं त्या रांगेत! सोसायटीच्या सेक्रेटरीने कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणला होता. हेअर ड्रायर मारून मारून त्याच्यावरची बटणं त्याने वितळवली होती. एका बाईंनी इन्व्हर्टरचं कार्ड तव्यावर गरम केलं होतं, खरंच, पोळीच्या तव्यावर. एकाने राउटर देवघरातल्या समईजवळ ठेवून वाळवला होता. आणि तांदूळ तर विचारू नका, काउंटरवर किराणा दुकानासारखे दाणे सांडले होते. प्रत्येक जण वेगवेगळं खोटं बोलत होता आणि प्रत्येकाने फक्त एकदाच चालू करून बघितलं होतं. मी बोर्ड काढत होतो, पडद्यामागे टबात टाकत होतो आणि बाहेर येऊन एकेकाची हजामत करत होतो. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत, मी टोमणा मारला की रांग हसते, ज्याला मारला तोही ओशाळून हसतो. एरवी लिफ्टमध्ये मला ओळख न देणारे लोक होते ते.

दुपारच्या सुमाराला रांगेत तो म्हातारा पुढे आला. इंद्रलोकच्या टॉवरांच्या मागे जुनं गाव आहे, त्याच्या पलीकडे मिठागरं. तिथला असणार हे बोलण्याआधीच कळत होतं. टोपी, गुडघ्यापर्यंत गुंडाळलेलं धोतर, पिंढऱ्यांवर जुन्या मिठाच्या पांढुरक्या भेगा. सायकलच्या कॅरियरला दोरीने काहीतरी बांधून, ती सायकल हाताने ढकलत आणली होती. चादर सोडली. आत ऑक्सिजनचं मशीन होतं. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसं निकामी होत चाललेल्या माणसांना घरी लावतात ते, हवेतून ऑक्सिजन काढून नळीने देणारं, चाकांवरचं खोकं.

"म्हातारीचा हाय," तो म्हणाला. "तिचा दम याच्यावर चालतंय. सिलिंडर हाय एक घरान, तो सांजपातूर पुरल. बग जरा."

तो सगळ्यांना 'तू'च म्हणत होता, सेक्रेटरीलाही. मला ते खटकलं हेही सांगून टाकतो.

"पाणी लागलंय?" मी विचारलं. आता हा म्हणणार, नाही लागलं.

"लागलाय म्हंजे? बुडला पुरा. खारा पानी शिरला घरान. मी आदी मेन बंद केला, मंग पिन काढली. पानी उतारला तवा मागचा पत्रा खोलला न् सुकाच्या आदी गोड्या पान्यान तीन येला धुतला. चालू न्हाय केला. मीठ सुकला का बसतंय, मंग त्या निंगत न्हाय."

सत्तावीस वर्षांत काउंटरच्या पलीकडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. कोणतं पाणी ते सांगितलं, चालू केलं नाही, सुकायच्या आत धुतलं, तेही तीन वेळा. आमच्या उस्तादाने ऐकलं असतं तर म्हाताऱ्याला स्टूल दिलं असतं. पुढे तो असंही म्हणाला की मिठागरात संध्याकाळी काम सुटलं की पहिले पाय धुवायचे, गोड्या पाण्याने; भूक लागलेली असो की तहान. पाय तसेच सुकू दिले की रात्रीत फाटतात. मशीनचंही तसंच असणार, असं त्याने आपल्या डोक्याने ताडलं होतं.

तेवढ्यात रांगेतून तो बासमतीवाला साहेब, यंदा नवा लॅपटॉप घेऊन आलेला, मान पुढे काढून म्हणाला, "हे खरं आहे का हो? धुवायचं असतं? म्हणजे मग आम्ही घरीच..." आणि अख्ख्या रांगेने माझ्याकडे बघितलं. दोन-चार नजरा माझ्या खांद्यावरून पडद्याकडेही गेल्या. पडद्यामागे टबात त्यांचेच बोर्ड पाण्यात बुडालेले होते आणि नळ थेंब थेंब गळत होता. मला तो आवाज त्या दिवसात पहिल्यांदा ऐकू आला.

हो म्हणायला किती वेळ लागला असता? हो, धुवायचं असतं, या बाबांनी बरोबर केलं. संपलं. पण मला तो वितळलेल्या बटणांचा सेक्रेटरी दिसला, तवेवाली बाई दिसली, वीस वर्षांची जादू दिसली. धोतरातल्या एका म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर माझा पडदा ओढून काढला होता, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

"बाबा," मी म्हणालो, आणि आवाज मुद्दाम रांगेच्या शेवटपर्यंत पोचवला, "पाण्यात बुडालेलं मशीन परत पाण्याने धुतलंत? मग साबण नाही लावलात का? आणि वाळत कुठे घातलंत, दोरीवर?"

रांग फुटली हसून. साहेब सगळ्यात मोठ्याने हसले, सुटल्यासारखे. मीही हसलो. चांगला खदखदून हसलो.

म्हातारा हसणाऱ्यांकडे एकेक करून बघत होता. मग मशीनकडे बघितलं. "मंग गेला?"

"गेलं. भंगारात द्या. दुसरं भाड्याने आणा कुठून तरी. पुढे कोण आहे?"

मशीनचा एक स्क्रूही मी काढला नव्हता. पत्र्याला हातसुद्धा लावला नव्हता. म्हाताऱ्याने चादर परत नीट गुंडाळली, दोरी बांधली आणि सायकल वळवली. पायऱ्यांशी थांबून त्याने एकदा मागे बघितलं, चपलेचा अंगठा नीट केला आणि तो निघून गेला.

संध्याकाळी पडद्यामागे बसून मी साहेबांच्या लॅपटॉपचा बोर्ड घासत होतो. या खेपेला रात्रभर तांदळात राहिलेला, सगळीकडे पांढरं दाट मीठ. टूथब्रशने निघेना, स्पिरिटने निघेना. घासता घासता मनात आलं, म्हाताऱ्याचा बोर्ड याच्यापेक्षा स्वच्छ असणार. मग आलं, सिलिंडर सांजपातूर. घड्याळात बघितलं. बाहेर अजून पंधरा-वीस माणसं उभी होती. उद्या जाऊ म्हणालो. दुसऱ्या दिवशी रांग होतीच, तेव्हाही उद्या म्हणालो. मी दुष्ट नव्हतो असं म्हणायची सोय राहावी इतपत मला वाईट वाटत होतं, आणि जागचं उठवेल इतपत वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून गावात गेलो. नाव माहीत नव्हतं. नळावर भांडी घासणाऱ्या एका बाईला विचारलं, ऑक्सिजन लावतात त्या आजी कुठे राहतात? तिने हात थांबवला.

"त्यांला हॉस्पिटलान नेला परवा. सिलिंडर संपला ना. दुसरा कुटं भेटतंय, सगलीकडं पानी." मग माझ्याकडे नीट बघून, "तू कोन?"

"मशीन रिपेअर करतो."

"आता काय रिपेर करतंस? मशीन तं भंगारवाल्याला दिला. म्हाताऱ्यान धुतला ना त्याला, म्हनून गेला. दुकानवाल्यान सांगितला. म्हातारा निस्ता रडतंय, बोलतंय माज्या हातान गेला."

दुकानवाला मीच, हे मला सांगता आलं नाही. भंगारवाल्याचं शेड कुठे आहे तेवढं विचारलं.

भंगारवाल्याने तोवर मोटर फोडून तांब्याची तार वेगळी काढली होती. खोकं एका कोपऱ्यात, चाकं दुसऱ्या कोपऱ्यात. बोर्ड मात्र इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या गोणीत सापडला. तिथेच दारात उजेडाला धरून बघितला. मीठ नाही, गाळ नाही, हिरवा ठिपका नाही. मी धुतला असता तर याहून स्वच्छ निघाला नसता. मशीन चाललं असतं का? ते मला आजही माहीत नाही. मोटरमध्ये पाणी गेलं असेल, गेलं नसेलही. उघडलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं, कदाचित त्याच संध्याकाळी पंख्यासमोर सुकवून चालूही करून दिलं असतं. भंगारवाला म्हणाला, "ये ले जाओ, इसका क्या करना है." मी बोर्ड कागदात गुंडाळून घेतला.

सहाव्या दिवशी म्हातारी हॉस्पिटलमध्येच वारली. पेपर टाकणारा त्याच गावचा होता, त्याच्याकडून कळलं. डॉक्टर म्हणाले होते म्हणे, फुप्फुसं आधीच संपली होती, चुलीच्या धुराने. हे वाक्य मी फार दिवस जपून वापरलं. आंघोळ करताना, जेवताना, शटर ओढताना. फुप्फुसं आधीच संपली होती. बायकोला मी हे काहीच सांगितलं नव्हतं, तरी एकदा झोपेत तेवढं वाक्य बोललो असं तिने सांगितलं. बोर्ड टेबलाच्या खालच्या खणात ठेवला. पडदा जागच्या जागी होता. साहेबांचा लॅपटॉप वाचला नाही, तरी ते जाताना म्हणाले, "तुम्ही होता म्हणून प्रयत्न तरी झाला."

म्हातारा त्यानंतर दुकानाकडे आला नाही. मीही गावाच्या रस्त्याने जायचं टाळलं, लांबून वळसा घालून जायचो. असं करता करता दिवाळी गेली आणि थंडी पडली. मग एक दिवस शाळेची बस चालवणारा एक माणूस आला. त्याच गावचा, चाळिशीचा, धडधाकट. खाडीवर जाळं टाकायला गेला होता, वाकला तेव्हा खिशातला फोन पाण्यात पडला. हे त्याने न विचारता सांगितलं, त्यामुळे तो मला बरा वाटला. मग त्याने काउंटरवर पिशवी ठेवली. तांदळाची.

फोन उघडला. पांढरं आणि हिरवं, तांब्याच्या रेघा खाल्लेल्या, काही उरलं नव्हतं. मला इतका राग आला की मी पडद्याबिडद्याचं सगळं विसरलो.

"अरे, मिठागरवाले ना तुम्ही? खाऱ्या पाण्यात पडल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवायचा ना! एवढंही कळत नाही?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही येडा मीच आहे.

"धवाचा? धवाचा न्हायच ना. पयला आमी धवाचो, घड्याल, टॉर्च, सगला. आता गावान बारका पोर बी सांगल, धवाचा न्हाय, तांदलान टाकाचा. तो म्हातारा घरोघर जाऊन सांगतंय. त्यान मशीन धुतला न् त्याची म्हातारी गेली."

मी फोन त्याच्या हातात परत दिला. हा गेला, असं म्हणालो. या खेपेला उघडून म्हणालो होतो, पण ते सांगायचं त्राण राहिलं नव्हतं. तो पिशवी उचलून निघाला, तांदूळ सांडू नये म्हणून तिला गाठ मारून.

आयुष्यभर मी ज्या अडाण्यांची टर उडवली, त्यांनी तांदळाचा उपाय कुठून तरी ऐकलेला होता. पण या गावाला तो शिकवणारा मी होतो; म्हाताऱ्याने तांदूळ बघितला असणार तो माझ्याच काउंटरवर. पिढ्यान्‌पिढ्या मीठ काढणाऱ्या लोकांना मिठाबद्दल जे माहीत होतं, ते मी एका टोमण्यात पुसून टाकलं होतं. आणि ते पुसलेलं घरोघर नेऊन पोचवायला लावलं होतं ते कुणाला? त्या म्हाताऱ्याला, बायको मेल्यावर, स्वतःच्या पायांनी. त्या दिवशी मला माझी जी किळस आली, तितकी कमोडमधला फोन उघडतानाही कधी आली नव्हती.

शटर ओढलं, खणातला बोर्ड घेतला आणि सरळ रस्त्याने गावात गेलो. म्हातारा ओट्यावर बसला होता, उन्हात पाय सोडून. मला ओळखलं की नाही कळेना. मी खाली पायरीवर बसलो, कागद सोडला आणि बोर्ड त्याच्या हातात दिला.

"तुमच्या मशीनचा आहे. भंगारवाल्याकडून आणला होता तेव्हाच."

त्याने तो उलटा-सुलटा करून बघितला. मग बोट ओलं केलं, बोर्डावरून फिरवलं आणि जिभेला लावलं. पुन्हा दुसऱ्या बाजूने फिरवलं, पुन्हा चव घेतली. मिठागरात आयुष्य काढलेल्या माणसाची ती जीभ.

"खारा न्हाय," तो म्हणाला.

"नाहीच. तुम्ही धुतलंत ते बरोबर होतं, बाबा. तसंच धुवायचं असतं. मीही तेच करतो दुकानात, पडद्यामागे. मशीन तुमच्या हाताने गेलं नाही. मी उघडून बघितलंच नव्हतं."

घराच्या आतून रेडिओचा आवाज येत होता, कुणीतरी तो बारीक केला.

"तुला तवाच ठाव व्हता? मी धुतला त्या बरोबर केला म्हनून?"

"हो."

मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर घेतल्या असत्या, त्यासाठीच गेलो होतो मी. त्याने बोर्ड मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी रांगेतल्या एकेकाकडे बघत होता तसंच. चेहऱ्यावर राग नव्हता, त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"मंग हासलास कशाला?" त्याने विचारलं.